बुडापेस्टचा स्वातंत्र्य चौक : एका शहराचे किती परके धनी?

दुनाकाठ

गेली सहा वर्षं मी बुडापेस्टमध्ये राहतेय. घरून ऑफिसला जाताना वाटेत एक चौक लागतो, साबाद्शाग तेर, म्हणजे स्वातंत्र्य चौक. मोठी झाडं, मुलांची खेळायची जागा, कारंजं, कडेला बँकांच्या आणि वकिलातींच्या जुन्या दगडी इमारती. पहिलं वर्षभर मी तिथून नुसती जायचे. मग शेजारच्या आजींनी (इथे वयस्कर बाईंना 'नेनी' म्हणतात, मीही त्यांना तेच म्हणते) एकदा विचारलं, "रोज जातेस, पण कुणाकुणाच्या अंगावरून जातेस ते माहितीये का?" त्या दिवसापासून वाचत गेले, आणि आता इथे लिहिल्यावाचून राहवत नाही.

त्या चौकाची जागा पूर्वी ऑस्ट्रियाची होती. 'नवी इमारत' नावाची प्रचंड लष्करी बराक तिथे उभी होती. १८४८ च्या मार्चमध्ये हंगेरियन लोकांनी ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजवटीकडून स्वतःचं जबाबदार मंत्रिमंडळ मिळवलं आणि लायोश बत्यानी पहिले पंतप्रधान झाले. ५ जानेवारी १८४९ ला ऑस्ट्रियन सैन्य शहरात शिरलं. मे महिन्यात हंगेरियनांनी बुडाचा किल्ला लढून परत घेतला, पण रशियाच्या झारने ऑस्ट्रियाच्या मदतीला फौज पाठवल्यावर सगळं संपलं. ६ ऑक्टोबर १८४९ ला आराद गावी तेरा सेनापतींना मृत्युदंड दिला आणि त्याच संध्याकाळी बत्यानींना या बराकीत. शिक्षा फाशीची होती. पत्नीने चोरून एक छोटा खंजीर आत पोचवला होता, त्याने त्यांनी स्वतःच्या गळ्यावर वार करून घेतले. जखमी गळ्याला फास लावता येईना, म्हणून गोळ्या घातल्या. बराक १८९७ मध्ये पाडली आणि जागेला स्वातंत्र्याचं नाव दिलं. चौकालगतच्या एका कोपऱ्यावर लाल काचेचा नंदादीप आहे, बत्यानींच्या स्मरणार्थ. रस्त्यात मधोमध आहे, गाड्या त्याला वळसा घालून जातात.

आता चौकाच्या आतल्या खुणा. अमेरिकी वकिलातीसमोर एका अमेरिकी जनरलचा पुतळा आहे, हात पाठीमागे, हातात घोडेस्वाराची छडी. हॅरी हिल बँडहोल्ट्झ त्यांचं नाव. पहिलं महायुद्ध हरल्यानंतर हंगेरीत बेला कुनचं कम्युनिस्ट सरकार आलं, ते कोसळलं आणि ऑगस्ट १९१९ च्या सुरुवातीला रुमानियाचं सैन्य बुडापेस्टमध्ये उतरलं. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ते राहिलं. रेल्वेची इंजिनं, डबे, कारखान्यांतली यंत्रं, टेलिफोन, धान्य, जे हलवता येईल ते नेलं. ५ ऑक्टोबरच्या रात्री ट्रक राष्ट्रीय संग्रहालयाच्या दारात आले. बँडहोल्ट्झ दोस्त राष्ट्रांच्या लष्करी मंडळावर होते. ते तिथे पोचले, दारं बंद करून घेतली आणि हाताशी होता तो अमेरिकी टपालतपासणीचा शिक्का मारून सील केली. कागदाच्या त्या सीलला कुणी हात लावला नाही, संग्रहालय वाचलं.

उत्तरेच्या टोकाला सोन्याचा तारा लावलेला दगडी स्तंभ आहे, सोव्हिएत लाल सैन्याचा. भोवती कुंपण. आणि दक्षिणेकडे सगळ्यांत नवं स्मारक : भग्न खांबांच्या मध्ये देवदूत गाब्रिएल, हातात राजचिन्हाचा गोल, आणि वरून झेप घेणारा गरुड. गरुडाच्या पायातल्या कड्यावर '१९४४'. १९ मार्च १९४४ ला नाझी जर्मनीने हंगेरी व्यापलं, त्याचं हे स्मारक. जुलै २०१४ मध्ये ते रातोरात उभं केलं आणि त्याचं अधिकृत अनावरण आजतागायत झालेलं नाही.

ऑस्ट्रिया, रुमानिया, जर्मनी, सोव्हिएत रशिया. चार परक्या फौजांच्या खुणा त्या एका चौकात आहेत, चालत दहा मिनिटांत सगळा फिरून होतो. मोंगल आणि तुर्क तर याच्याही आधीचे. माझा प्रश्न असा आहे : परका धनी कुणाला म्हणायचं? आणि लोक एकाचा पुतळा उभारतात, दुसऱ्याला कुंपण घालतात, हे कशावरून ठरतं?

कातळपायवाट

फार छान लिहिलंय. मोंगलांबद्दल थोडं लिहा ना. ती स्वारी होती की राज्य?

दुनाकाठ

स्वारीच म्हणायला हवी, पण तिचा घाव खोल आहे. ११ एप्रिल १२४१ ला मोही इथे हंगेरियन सैन्याचा धुव्वा उडाला, पेस्ट (आजच्या शहराचा पूर्व काठ) जळालं. नदीमुळे पलीकडचा काठ काही महिने बचावला होता. त्या हिवाळ्यात दुना (डॅन्यूबचं इथलं नाव) गोठली आणि मोंगल बर्फावरून पलीकडे गेले. १२४२ च्या वसंतात ते निघून गेले. राजा चौथा बेला परतला तेव्हा त्याने धडा घेऊन टेकडीवर तटबंदीचं गाव वसवलं, तोच आजचा बुडाचा किल्ला. देश वाचला तर मुलगी देवाला वाहीन असा नवस त्याने केला होता. ती मार्गित नदीतल्या बेटावरच्या मठात राहिली, बेटाला तिचंच नाव आहे. आम्ही रविवारी तिथे डबा घेऊन जातो.

मोडीवाचक

तुर्कांचा भाग मी लिहितो, माझा आवडीचा विषय आहे.

२९ ऑगस्ट १५२६, मोहाचची लढाई. हंगेरीचा तरुण राजा लायोश दुसरा पळताना ओढ्यात बुडून मेला. सुलतान सुलेमान बुडात आला, राजवाड्यातले पुतळे आणि राजा मात्याशच्या ग्रंथालयातली पुस्तकं घेऊन गेला, पण राहिला नाही. खरा ताबा घेतला तो बरोबर पंधरा वर्षांनी, २९ ऑगस्ट १५४१ ला, आणि तोही लढाई न करता. ऑस्ट्रियाच्या फौजेने बुडाला वेढा घातला होता. सुलतान तेव्हाच्या हंगेरीच्या तान्ह्या राजाचा पाठीराखा म्हणून आला आणि त्याने तो वेढा मोडला. मग तान्ह्या राजाला आणि सरदारांना भेटीसाठी छावणीत बोलावलं. तिकडे मेजवानी चालू होती आणि इकडे सुलतानाचे जानिसारी शिपाई 'गाव बघायला आलो' म्हणत दोघं-चौघं करून किल्ल्यात शिरत होते. पुरेसे जमल्यावर त्यांनी दरवाजे ताब्यात घेतले. आख्यायिका अशी की बालिंत तोरोक नावाचा सरदार निरोप घ्यायला उठला तेव्हा त्याला सांगितलं, "थांबा, काळं सार अजून यायचंय." काळं सार म्हणजे कॉफी. तो पुढे इस्तंबूलच्या सात बुरुजांच्या कैदेतच मेला. हंगेरियनमध्ये आजही खरं संकट पुढेच आहे असं सांगायचं असलं की 'काळं सार बाकी आहे' म्हणतात.

पुढची १४५ वर्षं बुडा ही तुर्की प्रांताची राजधानी. २ सप्टेंबर १६८६ ला युरोपच्या मित्रफौजांनी ते जिंकलं. त्याच महिन्यात इकडे विजापूर औरंगजेबाच्या हाती पडलं. संबंध काही नाही, पण आपल्या डोक्यात ते साल लगेच लागतं म्हणून लिहिलं.

सांजवारा

भाषेत काही राहिलं का तुर्कांचं?

मोडीवाचक

पुष्कळ. तंबाखूला हंगेरियनमध्ये 'दोहाञ', खिशाला 'झेब', उंच बुटाला 'चिझ्मा'. आणि सपातेला 'पापुच'. हा मूळ फारसी 'पापोश'. तोच शब्द आपल्याकडे 'पायपोस' झाला. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही म्हणताना आपण वापरतो तो शब्द आणि बुडापेस्टची बाई दारात सपाता काढताना म्हणते तो शब्द एकाच घरचे. मिरचीही तशीच : आपल्याकडे पोर्तुगीजांच्या जहाजातून आली, त्यांच्याकडे तुर्कांच्या मागोमाग. पाप्रिकाचं जुनं नाव तिथे 'तुर्की मिरे' असंच आहे.

दुनाकाठ

मोडीवाचकजी, पायपोस! मी रोज नेनींच्या दारात 'पापुच' ऐकते आणि कधी लक्षात आलं नाही.

तुर्कांबद्दल माझी दोन निरीक्षणं. एक, रुदाश नावाचं हमामखाना. सोळाव्या शतकात सोकोलू मुस्तफा पाशाने बांधलेला. आठ दगडी खांब, वर घुमट, घुमटाला छोटी छोटी भोकं आणि त्यांत रंगीत काचा. खाली गरम पाण्याचा अष्टकोनी हौद. दुपारी ऊन वरून येतं तेव्हा वाफेत लाल-निळे खांब उभे राहिल्यासारखे दिसतात. चारशे वर्षांहून जास्त काळ लोक तिथे आंघोळ करतायत, आणि तिथे बसलेल्या कुणालाही ती वास्तू परक्याची वाटत नाही.

दुसरं, किल्ल्याच्या तटावर एक पागोट्याच्या आकाराचा माथा असलेला थडग्याचा दगड आहे. बुडाचा शेवटचा तुर्की सुभेदार अब्दुर्रहमान पाशा १६८६ मध्ये सत्तराव्या वर्षी लढताना तिथेच पडला. त्यावर लिहिलंय, 'वीर प्रतिस्पर्धी होता, त्याला शांती लाभो.' त्याच दिवशी मेलेल्या एका हंगेरियन शिपायाच्या वंशजांनी १९३२ मध्ये तो उभारला. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिथेच बसून राहिले.

पण त्या 'मुक्ती'ची दुसरी बाजूही सांगायला हवी. बुडाचे यहुदी तुर्कांच्या बाजूने तटावर लढले होते. शहर पडल्यावर त्यांची आणि तुर्क रहिवाशांची कत्तल झाली, उरलेल्यांना गुलाम म्हणून विकलं.

नेमकंबोल

एक मुद्दा खटकला. ऑस्ट्रियाला परक्या सत्तांच्या यादीत कसं घालता? हॅब्सबर्ग सम्राट हा हंगेरीचा रीतसर अभिषिक्त राजा होता. १८६७ च्या तडजोडीनंतर हंगेरी भागीदार झाला, स्वतःची संसद आली, १८७३ ला बुडा, पेस्ट आणि ओबुडा मिळून बुडापेस्ट झालं. शहराचं आजचं वैभव त्याच काळातलं.

दुनाकाठ

मुद्दा बरोबर आहे आणि इथलेही लोक यावर भांडतात. पण १८४९ नंतरची काही वर्षं वेगळी होती. गेलेर्त टेकडीवरचा सितादेला किल्ला त्याच वर्षांत बांधला, आणि त्याच्या तोफा शहरावर रोखलेल्या होत्या. ज्या किल्ल्याच्या तोफा आपल्याच पेठेकडे वळलेल्या आहेत तो माझ्या मते परक्याचाच किल्ला, मुकुट कुणाच्याही डोक्यावर असो. तेरा सेनापतींच्या मृत्यूनंतर ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी बिअरचे पेले किणकिणवले अशी कथा आहे. म्हणून दीडशे वर्षं बिअरचा पेला पेल्याला लावायचा नाही अशी शपथ. मुदत १९९९ लाच संपली. आमच्या ऑफिसातले वयाने मोठे लोक आजही लावत नाहीत. वाइनचा लावतात.

भांडारवही

रुमानियाबद्दल एकच बाजू आलीय. डिसेंबर १९१६ ला जर्मनी आणि तिच्या मित्रांनी बुखारेस्ट घेतलं, ते युद्ध संपेपर्यंत सोडलं नाही. त्या फौजांत ऑस्ट्रिया-हंगेरीचे शिपाई होते. रुमानियातून धान्य, तेल, जनावरं सगळं तेव्हा नेलं होतं. १९१९ ला आलेला रुमानियन शिपाई त्याची वसुली करतोय असं समजत होता. राजधान्यांचा हा हिशेब असाच फिरतो.

दुनाकाठ

खरं आहे, हे मी लिहायला हवं होतं. आणि नंतर १९२० च्या त्रियानोंच्या तहात हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख गेला, ट्रान्सिल्वेनिया रुमानियाला मिळाला. त्यामुळे इथे १९१९ ची आठवण वेगळी काढताच येत नाही. आज सोव्हिएत स्तंभ आहे तिथेच दोन महायुद्धांच्या मधल्या काळात गेलेल्या मुलखाचं स्मारक होतं.

नेमकंबोल

२०१४ च्या स्मारकाचा वाद नक्की काय? जर्मनीने देश व्यापला हे तर खरंच आहे.

दुनाकाठ

हाच भाग लिहिताना हात जड होतो.

व्यापला, हे खरं. पण देवदूत निष्पाप आणि सगळं पाप गरुडाचं, हे खरं नाही. हंगेरी १९४० पासून जर्मनीच्या गोटात होती. यहुद्यांच्या विद्यापीठप्रवेशावर मर्यादा घालणारा कायदा १९२० चा, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या तेरा वर्षं आधीचा. १९३८ पासून एकामागून एक यहुदीविरोधी कायदे इथल्याच संसदेने केले. १९४४ ला यहुद्यांच्या हद्दपारीचं काम बघणारा नाझी अधिकारी आइकमन आला तेव्हा त्याच्याबरोबर दोनशेच्या आतबाहेर माणसं होती. १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत सुमारे ४ लाख ३७ हजार यहुद्यांना आगगाड्यांत कोंबून पाठवलं, बहुतेकांना ऑशविट्झला. दोनशे माणसांच्या हातून हे होत नाही. याद्या इथल्या कारकुनांनी केल्या, घरं इथल्या पोलिसपाटलांसारख्या गावपातळीच्या अधिकाऱ्यांनी दाखवली, डब्यांपर्यंत इथल्या शस्त्रधारी ग्रामीण पोलिसांनी नेलं. ऑक्टोबरात सालाशीचा नाझीधार्जिणा बाणक्रूस पक्ष सत्तेवर आला, मग दुनेच्या काठावर लोकांना उभं करून गोळ्या घालणं सुरू झालं. मारणारे हंगेरियनच. काठावर आता साठ जोड लोखंडी बूट आहेत. एका छोट्या बुटात कुणीतरी गोळी-चॉकलेट ठेवतं.

आपल्याकडे म्हणतात ना, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. त्या स्मारकात कुऱ्हाडीचं पातं दाखवलंय, दांडा वगळलाय. म्हणून लोक भडकले. त्यांनी समोरच दोरीला, कुंपणाला आपापल्या घरातल्या वस्तू लावायला सुरुवात केली : आजोबांचा चष्मा, एक फाटकी सूटकेस, लग्नाचा फोटो, नाव लिहिलेले गोटे. पावसात फोटो फुगतात, लोक नवे आणून लावतात. शेजारी दोन रिकाम्या खुर्च्या समोरासमोर, बसून बोलायला.

नेमकंबोल

वस्तू लावण्याची कल्पना भिडली. पण एक सांगा, जर्मनीच्या पोटात अडकलेला लहान देश काय करू शकत होता? इतक्या वर्षांनी घरबसल्या दांड्याला दोष देणं सोपं आहे.

दुनाकाठ

सोपं नाहीच, आणि मी त्या वेळी काय केलं असतं हे मला सांगता येणार नाही. पण त्याच चौकात उत्तर देणारी एक इमारत आहे. अमेरिका युद्धात असल्यामुळे तिच्या वकिलातीचं काम स्वित्झर्लंड बघत होतं, आणि उपवाणिज्यदूत कार्ल लुट्झ त्या इमारतीत बसून संरक्षणपत्रं देत होते. हजारो माणसं त्या कागदांवर जगली. स्वीडनच्या राउल वालेनबर्गनेही तेच केलं. जानेवारी १९४५ ला सोव्हिएत सैन्याने वालेनबर्गला नेलं, तो परत आला नाही.

सह्यकडा

सोव्हिएत स्तंभ अजून का ठेवलाय? पूर्व युरोपात बऱ्याच ठिकाणी काढले.

दुनाकाठ

हंगेरी आणि रशियामध्ये युद्धस्मारकं जपण्याचा करार आहे म्हणून. पण कागदाचं बाजूला ठेवून नेनींचं सांगते.

त्या तेव्हा पाच वर्षांच्या. डिसेंबर १९४४ च्या शेवटी शहराला वेढा पडला, तो १३ फेब्रुवारीला संपला. ३८ हजारांच्या आसपास नागरिक गेले. जर्मनांनी दुनेवरचे सगळे पूल उडवले. नेनींचं कुटुंब तळघरात होतं. रस्त्यात मेलेल्या घोड्याचं मांस आईने उकळून दिलं, ते त्यांना आठवतं. मग एके सकाळी दार उघडलं आणि रशियन शिपाई आत आला. त्याने पाव दिला आणि वडिलांचं घड्याळ काढून घेतलं. दोन दिवसांनी वडिलांना नेलं, 'मालेन्की रोबोत' म्हणून. रशियनमध्ये थोडंसं काम. ते तीन वर्षांनी परतले, दात नसलेले.

त्याच जिन्यात खालच्या मजल्यावर एक यहुदी बाई नंतर राहायला आल्या. त्या पेस्टच्या घेट्टोत होत्या, जिथे जानेवारीच्या मध्यावर सुमारे ७० हजार माणसं जिवंत सापडली. लाल सैन्य चार दिवस उशिरा आलं असतं तर मी नसते, असं त्या म्हणायच्या. नेनी आणि त्या चाळीस वर्षं शेजारी होत्या. दोघींनी एकमेकींना कधी खोटं पाडलं नाही.

मग १९५६. २३ ऑक्टोबरला कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उठाव, सोव्हिएत सैन्य मागे गेलं, ४ नोव्हेंबरला पहाटे रणगाडे परत. अडीच हजारांच्या आसपास हंगेरियन मेले, दोन लाख देश सोडून गेले. पंतप्रधान इम्रे नॉज यांना १६ जून १९५८ ला फाशी. हंगेरीच्या कॅथलिक चर्चचे प्रमुख कार्डिनल मिंडसेंती स्वातंत्र्य चौकातल्या त्याच अमेरिकी वकिलातीत शिरले आणि १९७१ पर्यंत, पंधरा वर्षं, बाहेर पडले नाहीत. १९५७ च्या करारात सोव्हिएत फौजा 'तात्पुरत्या' ठेवल्या होत्या. शेवटचा सैनिक गेला जून १९९१ मध्ये.

जुनापट

मी सत्तरीपार आहे. १९५६ चं नाव निघालं म्हणून लिहितो. माझे वडील समाजवादी चळवळीतले. सुएझवर इंग्लंड-फ्रान्सचा तात्काळ निषेध करणारे नेहरू बुडापेस्टवर चाचरले, याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटे. ९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रसंघात मुक्त निवडणुकांची मागणी करणाऱ्या ठरावाच्या विरोधात भारताने मत दिलं. जयप्रकाशजींनी तेव्हा उघड टीका केली होती.

मोडीवाचक

जुनापट काका, त्याला एक जोड द्यायला हवी. पडद्याआड भारतीय अधिकाऱ्यांनी खटपट केली होती. नॉज यांच्या मंत्रिमंडळातले इश्तवान बिबो यांनी तोडग्याचा मसुदा लिहिला आणि अर्पाद गोंत्स यांनी तो भारतीय दूतावासाकडे पोचवला. १९५८ ला दोघांनाही जन्मठेप झाली. भारताने रदबदली केली म्हणून फाशी टळली, असं हंगेरीत मानतात. गोंत्स १९९० ला राष्ट्राध्यक्ष झाले.

जुनापट

हे वडिलांना कळायला हवं होतं. धन्यवाद.

सांजवारा

ऑक्टोबरात कामानिमित्त जातेय. कसं बघू? आणि नेनी त्या चौकात येतात का?

दुनाकाठ

मेट्रोच्या लाल मार्गावर कोशूत चौकाला उतरा. आधी नदीकाठचे बूट बघा, मग संसदेच्या मागून चौकात या. सोव्हिएत स्तंभ, बँडहोल्ट्झ, शेवटी २०१४ चं स्मारक आणि समोरच्या वस्तू. जाताना बत्यानींचा दिवा, तो संध्याकाळीच बघा. ६ ऑक्टोबरला असाल तर तिथे फुलं दिसतील.

नेनी बाजाराला जाताना चौकातूनच जातात. बँडहोल्ट्झपाशी सावली असते म्हणून पिशवी टेकवून थांबतात. स्तंभाच्या बाजूचा रस्ता मात्र टाळतात, हिवाळ्यात पाय दुखत असला तरी लांबून वळसा घालतात. दुसऱ्या टोकाला त्या वस्तूंमध्ये त्यांनी शेजारणीच्या नावाचा एक गोटा ठेवलाय. रंगाने लिहिलेलं नाव दर वर्षी उडतं, दर वर्षी त्या नवा रंग देतात.

४ नोव्हेंबरला इथे खिडकीत मेणबत्ती लावतात. आमच्या जिन्यात पहिली नेहमी नेनींची असते. गेल्या वर्षी त्यांची काडेपेटी दमट झाली होती, माझ्याकडून घेऊन गेल्या.

सांजवारा

ताई, मी २ ते ७ ऑक्टोबर आहे. व्यक्तिगत निरोप करते.

दुनाकाठ

करा. सहाला संध्याकाळी दिव्यापाशी भेटू, नेनींना विचारते येतात का.